संपातली किमान सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालय, वीज, पाणी, अग्निशमन, रेल्वे. यांपैकी कुठेही संप जाहीर झाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक म्हणजे ‘लोकांना वेठीला धरलंय’ आणि दुसरं म्हणजे ‘कामगारांचा हक्क चिरडला जातोय’. दोन्हीकडची तळमळ खरी असते. किमान सेवेची कल्पना याच ओढाताणीतून पुढे आली. ती धड राबवली तर रुग्णही वाचतो आणि संपही. ओढूनताणून राबवली तर दोन्हीकडून नुकसान होतं. त्याबद्दल लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

किमान सेवा म्हणजे नेमकं काय?

संप सुरू असतानाही जेवढं काम थांबू द्यायचं नाही असं ठरतं, तेवढं काम म्हणजे किमान सेवा. बाकीचं सगळं बंद राहतं. अतिदक्षता विभाग चालू, पण नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या. पाण्याचे पंप चालू, पण नव्या नळजोडण्या बंद. हे काम करणारे कर्मचारीही बहुतेक वेळा संपाच्या बाजूचेच असतात. त्यांनी कामावर राहायचं हे आधी ठरलेलं असतं.

हिची गल्लत दोन गोष्टींशी होते. पहिली म्हणजे संपबंदी. तिच्यात संप करायलाच मनाई असते. दुसरी म्हणजे यंत्रसामग्रीच्या सुरक्षेसाठी ठेवलेली माणसं. पोलाद कारखान्याची भट्टी अचानक थंड होऊ दिली तर तिची कायमची नासाडी होते, खाणीतला पाणी उपसणारा पंप थांबला तर खाण बुडते. म्हणून अशा ठिकाणी संपातही काही जण थांबतात. ती व्यवस्था माणसांच्या आणि यंत्रांच्या सुरक्षेसाठी असते. किमान सेवा असते ती सेवेवर अवलंबून असलेल्या लोकांसाठी.

सेवा चालूच ठेवायची तर संप करून उपयोग काय?

हा प्रश्न कामगार विचारतात आणि तो रास्त आहे. संपाचं बळ गैरसोयीत असतं. कुणाचं काहीच अडलं नाही तर व्यवस्थापन चर्चेला कशाला बसेल? म्हणूनच या व्यवस्थेत ‘किमान’ हा शब्द काटेकोरपणे पाळायला हवा. लोकांची गैरसोय होऊ द्यायची, जीव धोक्यात येऊ द्यायचा नाही, अशी ती रेघ आहे. गाडी रद्द झाल्यामुळे कामावर उशिरा पोचणं ही गैरसोय. रुग्णवाहिका न येणं हा धोका. ही रेघ गैरसोयीच्या बाजूला सरकवत सरकवत ‘कुणालाच त्रास नको’ इथपर्यंत नेली, तर संप कागदावर उरतो आणि रस्त्यावर दिसेनासा होतो.

कोणती सेवा अत्यावश्यक हे कसं ठरतं?

यासाठी जगभर ज्या व्याख्येचा आधार घेतात ती आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची म्हणजे आयएलओची आहे. जी सेवा खंडित झाल्यास सगळ्या लोकांचं किंवा त्यांतल्या काहींचं जीवित, वैयक्तिक सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येईल, ती अत्यावश्यक. व्याख्येत आर्थिक नुकसान कुठेही नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

या कसोटीवर आयएलओच्या संघटना-स्वातंत्र्य समितीने वर्षानुवर्षांच्या तक्रारी निकाली काढताना सेवांची वर्गवारी केली. रुग्णालयं, वीज, पाणीपुरवठा, दूरध्वनी, अग्निशमन, पोलीस आणि सैन्यदलं, तुरुंग, हवाई वाहतूक नियंत्रण या अत्यावश्यक ठरल्या. शाळकरी मुलांना जेवण पुरवणं आणि शाळांची स्वच्छता हेही या यादीत आहे, पण शिकवणं नाही. बँका, बंदरं, टपाल, आकाशवाणी-दूरचित्रवाणी, हॉटेलं, पेट्रोलियम, सर्वसाधारण प्रवासी वाहतूक हे सगळं यादीबाहेर आहे. रेल्वे आणि बस ‘अत्यावश्यक’ नाहीत हे वाचून पुष्कळांना धक्का बसतो.

मात्र यादीबाहेरच्या सेवेलाही किमान सेवेची अट लावता येते. संप इतका लांबला की जनजीवनच संकटात आलं, किंवा सेवा लोकांसाठी मूलभूत महत्त्वाची असली, तर ते चालतं. बेटावर जाणारी एकमेव बोट हे त्याचं नेहमीचं उदाहरण. कचरा उचलण्याचंही तसंच: दोन दिवस न उचलला तर दुर्गंधी, तीन आठवडे न उचलला तर साथीचे आजार. म्हणजे सेवेचं नाव बघून निकाल देता येत नाही, संप किती दिवसांचा आणि कुठे हेही बघावं लागतं.

‘किमान’ म्हणजे किती टक्के?

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. टक्केवारी ऐकायला सोपी वाटते, पण बऱ्याचदा तीच फसवते.

इटलीत १९९० चा कायदा क्रमांक १४६ आहे, त्यात २००० मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यानुसार संपाच्या काळातली सेवा सरासरीने नेहमीच्या ५० टक्क्यांपेक्षा आणि त्यासाठी लावलेलं मनुष्यबळ एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावं, अशी वरची मर्यादा घातली आहे. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते, कारण ‘किमान’ला छत आहे. बल्गेरियाच्या रेल्वे कायद्याने याच्या उलट केलं: संपाआधीच्या निदान ५० टक्के वाहतूक चालू ठेवायलाच हवी, अशी खालची मर्यादा घातली. आयएलओच्या तज्ज्ञ समितीने त्यावर आक्षेप घेतला आणि तरतूद बदलायला सांगितलं. आकडा एकच, पण एका देशात तो कामगारांचं रक्षण करतो आणि दुसऱ्या देशात संपाची धार काढून घेतो.

वेळापत्रकातल्या गाड्यांची टक्केवारी आणि माणसांची टक्केवारी सारखी नसते, हेही विसरून चालत नाही. एखाद्या मार्गावर शंभराऐवजी चाळीस गाड्या सोडायच्या तर चालक कमी लागतील. पण त्या मार्गावरची सिग्नल केबिन दहा गाड्यांसाठीही तेवढीच माणसं मागते जेवढी शंभर गाड्यांसाठी. तिथल्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने चाळीस टक्के सेवा म्हणजे शंभर टक्के हजेरी. त्याचा संपाचा हक्क आकड्यांच्या पोटात गायब होतो.

म्हणून टक्के ठरवण्याआधी कामांची यादी करावी. आज रात्रीत कोणतं काम झालं नाही तर माणूस दगावेल? कोणतं उद्यापर्यंत थांबेल? कोणतं आठवडाभर? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जी कामं येतील तेवढ्यांसाठी लागणारी माणसं, हाच खरा हिशोब.

रुग्णालयात हा हिशोब प्रत्यक्षात कसा करतात?

समजा, तीस खाटांचा एक वॉर्ड आहे. सकाळच्या पाळीत सहा परिचारिका मंजूर आहेत, पण रिक्त पदं आणि रजांमुळे एरवी चारच असतात. संपाची नोटीस आल्यावर प्रशासन म्हणतं, किमान सेवेसाठी पाच जणी द्या. संघटनेच्या प्रतिनिधी हजेरीपटाची वही उघडून विचारतात, मागच्या महिन्यात किती दिवस पाच जणी होत्या? उत्तर देणं अवघड होतं.

हा प्रसंग कल्पित असला तरी हा वाद अगदी ओळखीचा आहे. मनुष्यबळ कमी पडतं म्हणूनच अनेकदा संप होतो, आणि संपाच्या दिवशीचं ‘किमान’ मनुष्यबळ रोजच्यापेक्षा जास्त निघतं. संपाच्या दिवशी चार परिचारिका धोकादायक असतील तर मग बाकीच्या दिवशी त्या सुरक्षित कशा? किमान सेवेवर बोलताना हा प्रश्न टाळणाऱ्यांवर माझा तरी विश्वास बसत नाही.

तोडगा बहुधा असा निघतो. संपाच्या दोन-तीन दिवस आधीपासून नियोजित भरती थांबवतात. घरी जाऊ शकणाऱ्यांना वेळेत घरी सोडतात. तीसच्या अठरा खाटा उरतात. मग उरलेल्या रुग्णांच्या नावासमोर कामं लिहितात: कुणाचं इंजेक्शन किती वाजता, कुणाला ऑक्सिजन, कालच शस्त्रक्रिया झालेलं कोण, कुणाला कूस बदलून द्यावी लागते. साठ्याची मोजदाद, अहवालांची जुळवाजुळव, बाह्यरुग्ण विभागाच्या फाइली हे सगळं बाजूला राहतं. मग तीन जणींत पाळी निभते. पुष्कळ ठिकाणी रविवारी किंवा सणाच्या सुट्टीला जेवढी माणसं असतात तेवढी धरून चर्चा सुरू करतात. ते मोजमाप बरं, कारण रुग्णालय स्वतःच वर्षातून अनेकदा तेवढ्यावर चालतं.

अतिदक्षता विभाग, नवजात अर्भक कक्ष, डायलिसिस, आपत्कालीन विभाग यांत सहसा हात लावत नाहीत. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने डिसेंबर २०२२ मध्ये मोठा संप केला, तेव्हा संघटनेने स्वतःच केमोथेरपी, डायलिसिस, अतिदक्षता, नवजात आणि बालकांचे अतिदक्षता विभाग संपातून वगळले होते.

यात आणखी एक दुवा लागतो, आणि तो बहुतेक जण विसरतात: संपाच्या दिवशी रात्रंदिवस उचलला जाणारा एक फोन. अपघातग्रस्तांची बस दारात आली तर यादी उपयोगाची नाही. तेव्हा प्रशासनातल्या एकाने संघटनेतल्या एकाला फोन करायचा आणि अमुक इतकी माणसं अमुक वेळासाठी परत बोलवायची, हे आधीच ठरलेलं असावं. दोघांची नावं आणि नंबर वॉर्डात भिंतीवर लावलेले असावेत.

संपामुळे रुग्ण दगावतात का?

संशोधन एका बाजूने बोलत नाही. डॉक्टरांच्या संपांवर २००८ मध्ये ‘सोशल सायन्स अँड मेडिसिन’ या नियतकालिकात एक आढावा छापून आला. १९७६ ते २००३ या काळातले वेगवेगळ्या देशांतले पाच संप त्यात तपासले होते. मृत्युदर एक तर तेवढाच राहिला किंवा कमी झाला, असं त्यात आढळलं. याचा अर्थ डॉक्टर नसले तर बरं, असा काढणं चूक आहे. आपत्कालीन सेवा चालू होती आणि नियोजित शस्त्रक्रिया पुढे गेल्या होत्या. त्या शस्त्रक्रियांचा धोकाही तेवढ्यापुरता पुढे गेला.

परिचारिकांच्या संपांचं चित्र वेगळं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या १९८४ ते २००४ या काळातल्या संपांचा अभ्यास जोनाथन ग्रुबर आणि सॅम्युअल क्लायनर यांनी केला. संपाच्या काळात भरती झालेल्या रुग्णांचा रुग्णालयातला मृत्युदर सुमारे १८ टक्क्यांनी वाढला होता. बदली कर्मचारी आणलेल्या रुग्णालयांची कामगिरीही काही बरी नव्हती. मला यातून एवढंच दिसतं की खाटेशेजारी चोवीस तास असणारं माणूस सहजासहजी बदलता येत नाही. वॉर्डातली किमान सेवा कंजूषपणे ठरवू नये, आणि ती बाहेरच्या माणसांवर तर अजिबात टाकू नये.

वीज आणि पाणी ‘थोडं’ चालू ठेवता येतं का?

वीज नाही. ग्रिडमध्ये दर क्षणाला जेवढी वीज वापरली जाते तेवढीच तयार व्हावी लागते. तोल गेला की फ्रिक्वेन्सी ढळते, आणि ती फार ढळली तर केंद्रं एकामागून एक बंद पडतात. म्हणून भार नियंत्रण कक्ष आणि संचालनाच्या पाळ्या पूर्ण ठेवतात. मीटर वाचन, बिलं, नव्या जोडण्या, नियोजित देखभाल मात्र थांबू शकते. अणुभट्टी बंद केली तरी तिला थंड ठेवावंच लागतं, त्यामुळे तिथे किमान माणसं जवळजवळ कायमच लागतात.

पाण्याचंही बरंचसं तसंच आहे. पंपिंग, क्लोरिन आणि पाण्याच्या नमुन्यांची तपासणी सुटू शकत नाही. फुटलेली मोठी वाहिनी दुरुस्त करणारी तुकडी तयार लागते. गळणारा घरगुती नळ वाट पाहू शकतो.

हे सगळं ठरवायचं कुणी?

माझ्या मते सगळ्या विषयाची नस इथे आहे. आयएलओचं म्हणणं स्पष्ट आहे: किमान सेवा ठरवताना कामगार संघटना बरोबर असल्या पाहिजेत, आणि एकमत झालं नाही तर निर्णय स्वतंत्र यंत्रणेने द्यावा. मंत्रालयाने नाही. सार्वजनिक सेवेत सरकार स्वतःच मालक असतं, मग वादातल्या एका पक्षाने निवाडा कसा करायचा?

इटलीत यासाठी एक ‘हमी आयोग’ आहे. संघटना आणि व्यवस्थापन यांचा करार पुरेसा आहे का हे तो तपासतो, कमी पडला तर स्वतः नियम घालून देतो. दक्षिण आफ्रिकेत १९९५ च्या श्रमसंबंध कायद्याखाली अत्यावश्यक सेवा समिती आहे. दोन्ही पक्षांनी किमान सेवेचा करार केला आणि समितीने तो मान्य केला, की उरलेल्या कर्मचाऱ्यांना संप करता येतो.

स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेत संपाचा हक्कही आहे आणि अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्याची हमीही. पण संपाचं नियमन अजून १९७७ च्या हुकमावरच चालतं आणि किमान सेवा सरकारी अधिकारी ठरवतात. संघटना न्यायालयात जातात, कधी कधी जिंकतातही. पण निकाल येईपर्यंत संप कधीच संपलेला असतो. उशिरा मिळालेल्या त्या न्यायाने संपाचा गेलेला दिवस परत येत नाही.

कॅनडातलं सस्कॅचवान प्रकरण सगळ्यांनी वाचण्याजोगं आहे. तिथल्या प्रांतिक सरकारने २००८ मध्ये कायदा करून कोणते कर्मचारी अत्यावश्यक हे एकतर्फी ठरवण्याचा अधिकार मालकाला दिला होता. ३० जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. स्वतंत्रपणे फेरतपासणी करण्याची पुरेशी सोय नव्हती, आणि ज्यांचा संप काढून घेतला त्यांना वाद सोडवायला दुसरा खरा मार्ग दिला नव्हता.

ब्रिटनमध्ये असा कायदा झाला होता, त्याचं काय झालं?

२० जुलै २०२३ रोजी तिथे किमान सेवा पातळीचा कायदा झाला. आरोग्य, अग्निशमन, शिक्षण, वाहतूक, अणुप्रकल्प मोडीत काढण्याचं काम आणि सीमासुरक्षा ही सहा क्षेत्रं त्यात होती. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वे, रुग्णवाहिका आणि सीमासुरक्षा यांचे नियम लागू झाले. प्रवासी रेल्वेसाठी नेहमीच्या वेळापत्रकाच्या ४० टक्के ही पातळी होती. सीमासुरक्षेचा नियम तर असा की संप नसताना असते त्यापेक्षा सेवा कमी परिणामकारक नसावी! याला किमान म्हणायचं तर पूर्ण कशाला म्हणायचं?

मालकाने संपाच्या सात दिवस आधी नावांसकट ‘वर्क नोटीस’ द्यायची. संघटनेने आपल्या सभासदांना ती पाळायला लावण्यासाठी रास्त प्रयत्न करायचे, नाही तर कायद्याचं संरक्षण गमवायचं. म्हणजे संघटनेने स्वतःचाच संप फोडायला मदत करायची. जानेवारी २०२४ मध्ये एका रेल्वे कंपनीने कायदा वापरण्याची तयारी दाखवली. चालकांच्या ‘ॲसलेफ’ संघटनेने लगेच तिथे आणखी पाच दिवसांचा संप जाहीर केला. कंपनीने पाऊल मागे घेतलं, संघटनेने जादा दिवस मागे घेतले. पुढे २०२५ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टने हा कायदाच रद्द केला. वरून लादलेली पातळी राबवायला जाणाऱ्याला आणखी संप पदरात पडतो, हे त्या एका आठवड्यात दिसून आलं.

फ्रान्सची पद्धत वेगळी आहे म्हणतात, ती कशी?

हो. २१ ऑगस्ट २००७ च्या कायद्याने जमिनीवरच्या प्रवासी वाहतुकीत भर दिला तो आगाऊ माहितीवर. संपात जाणार असलेल्या ठरावीक कर्मचाऱ्यांनी ४८ तास आधी व्यक्तिशः कळवायचं. त्यावरून व्यवस्थापन उरलेल्या माणसांत कोणत्या गाड्या सोडता येतील ते बसवतं आणि २४ तास आधी प्रवाशांना सांगतं. यात कुणाला जबरदस्तीने कामावर बोलावत नाहीत. प्रवाशांना खरा राग येतो तो फलाटावर ताटकळत ठेवल्याचा, आणि तो राग निम्मा तरी माहितीनेच शमतो.

प्राथमिक शाळांसाठी २००८ पासून तिथे मुलांना सांभाळण्याची हमी आहे. एखाद्या शाळेतले २५ टक्के किंवा जास्त शिक्षक संपात असतील तर ती जबाबदारी स्थानिक पालिकेवर येते. शिकवणं बंद, पण मूल रस्त्यावर नाही.

भारतात किमान सेवेची तरतूद आहे का?

आपल्याकडचा कायदा बहुतांशी बंदी आणि नोटीस यांच्या भाषेत बोलतो. केंद्राचा १९६८ चा अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा म्हणजे एस्मा, आणि राज्यांचे त्याच धर्तीचे कायदे, उदाहरणार्थ मेस्मा. ते लागू झाले की त्या सेवेतला संपच बेकायदा ठरतो. अमुक इतकी सेवा चालू ठेवा आणि बाकी संप करा, अशी मधली पायरी त्यांत नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार नोटीस दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही, आणि समेटाची कार्यवाही चालू असतानाही नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली किरकोळ रजाही संपच धरली जाते.

सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं की संघटना स्थापन करण्याच्या मूलभूत हक्कात संपाचा हक्क येत नाही. २००३ मध्ये टी. के. रंगराजन खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं आणि सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही असं म्हणालं. तरीही संप होतात. संप बेकायदा ठरला की चर्चा होते ती कारवाईची आणि निलंबनाची. कोणता कक्ष कोण सांभाळणार याचा लेखी करार करायला कुणी बसत नाही. मधली पायरी नसण्याची ही किंमत रुग्ण मोजतात, म्हणून मला ती पायरी आपल्या कायद्यात हवी आहे.

मग सरळ बंदीच का नको?

बंदी घालून असंतोष जात नाही. अमेरिकेत केंद्रीय कर्मचाऱ्यांना संपाची मनाई होतीच. तरी ३ ऑगस्ट १९८१ रोजी जवळपास १३,००० हवाई वाहतूक नियंत्रक संपावर गेले. अध्यक्ष रेगन यांनी दोन दिवसांनी ११,००० हून अधिक जणांना बडतर्फ केलं. पण नियंत्रक एका रात्रीत घडत नाही, आणि ती उणीव भरायला वर्षं लागली.

काही मोजक्या जागांवर बंदी समजण्यासारखी आहे, जसं सैन्यदल किंवा पोलीस. तिथेही आयएलओ एक अट घालते: ज्यांचा संप काढून घ्याल त्यांना निःपक्ष, झटपट समेट आणि लवाद द्या, आणि लवादाचा निवाडा दोन्ही पक्षांना बंधनकारक असू द्या. निवाडा आला आणि वित्त विभागाने ‘पैसे नाहीत’ म्हणून तो बासनात गुंडाळला, तर ती फसवणूक ठरते.

आयएलओच्या करारात संपाचा हक्क लिहिलेलाच नाही, हे खरं का?

१९४८ च्या ८७ क्रमांकाच्या करारात ‘संप’ हा शब्द नाही. संघटनांना आपले कार्यक्रम ठरवण्याचं स्वातंत्र्य देणाऱ्या कलमांतून तो हक्क निघतो, असं तज्ज्ञ समिती दशकानुदशकं मानत आली. मालकांच्या गटाने २०१२ पासून याला जाहीर विरोध केला. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये हा प्रश्न सल्ल्यासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवायचं ठरलं.

लष्कर किंवा कंत्राटी माणसं आणून सेवा चालवली तर?

खऱ्या आणीबाणीत लष्कराची मदत घेण्याला कुणी हरकत घेणार नाही. पण एरवी हा प्रकार वाटाघाटींची गरजच संपवतो. दक्षिण कोरियात आवश्यक सार्वजनिक सेवांमध्ये संपकऱ्यांच्या ५० टक्क्यांपर्यंत बदली माणसं घ्यायला कायद्याने परवानगी आहे, आणि तिथे किमान सेवाही पाळावी लागते. दोन्ही एकदम लागू झाल्यावर संपात किती जोर उरेल? शिवाय नवखा माणूस अनोळखी वॉर्डात किंवा वीज उपकेंद्रात उभा करणं धोक्याचं असतं. त्याला औषधाचं कपाट सापडत नाही, तिथे माणूस काय सापडणार.

सेवा न थांबवता संप करता येतो का?

कधी कधी येतो. जपानमधल्या ओकायामा शहरात २०१८ मध्ये बसचालकांनी बस नेहमीप्रमाणे चालवल्या, पण भाडं घेतलं नाही. भाडं टाकायच्या यंत्रांवर कापड झाकलं होतं. फटका मालकाला बसला, प्रवाशाला नाही. सगळीकडे हे जमत नाही. अनेक देशांत असं करणं कराराचा भंग धरतात, आणि अग्निशमन दलाला तर घ्यायला भाडंच नसतं. पण ज्या सेवेत पैसे घेणं आणि सेवा देणं वेगळं करता येतं, तिथे संघटनांनी याचा जरूर विचार करावा.

किमान सेवेच्या यादीत माझं नाव आलंय. मी संपाच्या बाजूचा आहे. काय करू?

आधी नोटीस नीट वाचा. तारीख, पाळी, जागा आणि काम लिहिलेलं असायला हवं. ‘आवश्यकतेनुसार कोणतंही काम’ असं मोघम लिहिलं असेल तर संघटनेमार्फत लेखी खुलासा मागा. नेमून दिलेलं काम पूर्ण करा, त्या दिवसाचा पगार तुमचा हक्क आहे. संपावर गेलेल्यांचं काम म्हणून जादा काही अंगावर टाकलं तर तेही लेखी मागा.

यादी दर दिवशी फिरती असावी असा आग्रह धरा. तीच तीच नावं येत असतील, त्यातही संघटनेचे पदाधिकारी नेमके प्रत्येक वेळी येत असतील, तर ती यादी प्रामाणिक नाही. आत राहिलेल्याने त्या दिवसाच्या पगारातला काही भाग संपनिधीत द्यायचा, असंही सहकाऱ्यांत ठरवता येतं. त्याने बाहेर बसलेल्यांच्या मनात अढी राहत नाही. आत काम करणाऱ्याला संपफोड्या म्हणणं तर अन्यायच आहे, कारण त्याच्या पाळीमुळेच संपावर रुग्णाच्या जिवाचा ठपका येत नाही.

आजारी पडलात तर एरवीसारखंच वैद्यकीय प्रमाणपत्र द्या, पण संघटनेच्या प्रतिनिधीलाही त्याच वेळी कळवा, म्हणजे बदली माणूस लगेच पाठवता येईल. नोटीस धुडकावून न जाणं ही वेगळी गोष्ट आहे. बहुतेक देशांत त्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. आणि तुमच्या जागी कुणीच नसेल तर खाटेवरच्या माणसाचं काय होईल, याचा विचार कारवाईच्याही आधी करायचा असतो.

रुग्ण किंवा प्रवासी म्हणून मी काय करावं?

संपाच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी विचारा: माझी तपासणी किंवा गाडी वगळलेल्या यादीत आहे का, नसेल तर पुढची तारीख कोणती, आणि अचानक बिघडलं तर कुठे जायचं. डायलिसिस, केमोथेरपी, प्रसूती यांच्या तारखा सहसा हलवत नाहीत, पण लेखी किंवा फोनवर खात्री करून घ्या. छातीत दुखणं, धाप लागणं, रक्तस्राव असं काही असेल तर संप आहे म्हणून घरी थांबू नका, आपत्कालीन विभाग चालू असतो. इटलीत तर संपाच्या निदान पाच दिवस आधी कोणती सेवा मिळणार हे लोकांना सांगणं सेवा देणाऱ्यावर बंधनकारक आहे. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी विचारा. व्यवस्थापनाने सांगितलं नाही तर संघटनेच्या कार्यालयात विचारा, कारण वगळलेल्या कामांची यादी त्यांच्याकडेही असते.